खान्देशातून वेड्यांच्या इस्पितळाकडे : प्रकल्प नोंदी (१८५८–१९१२)

१० जून
व्याप्ती ठरली. खान्देशात सरकारी मनोरुग्णालय कधीच नव्हते. आजही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यामुळे हा इतिहास इमारतीपासून सुरू करता येत नाही. धुळे, एरंडोल, तळोदा इथला माणूस इस्पितळाच्या दारापर्यंत कोणत्या कागदांवरून पोचला, ते कागद कोणी भरले आणि त्यातले किती पुढे छापील अहवालात उतरले, हा आपला विषय. इस्पितळाचे इतिहास बहुधा अधीक्षकाच्या टेबलावरून लिहिले जातात. त्या टेबलावर कागद येण्याआधी तो फौजदार, मामलेदार आणि सिव्हिल सर्जन अशा तीन हातांतून गेलेला असतो. छापील तक्त्यांमधल्या बऱ्याच गोष्टी या तिघांनीच ठरवलेल्या आहेत.

कालमर्यादा १८५८ ते १९१२, म्हणजे १८५८ च्या ३६ व्या कायद्यापासून १९१२ च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यापर्यंत. जुन्या कागदांतले शब्द उताऱ्यात जसेच्या तसे ठेवायचे, आपल्या वाक्यांत ‘रुग्ण’ लिहायचे.

१४ जून
‘खान्देश’ या रकान्याची व्याख्या आधी करून घेतली, नाहीतर पुढे सगळी बेरीज चुकते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला. त्याआधी मालेगाव, बागलाण हा भाग खान्देशात होता. म्हणून १८६९ पूर्वीचा ‘खान्देश’ आणि नंतरचा ‘खान्देश’ एकाच ओळीत मांडायचा नाही. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यामुळे तिथे दुसरी रेघ.

तालुक्यांसाठी १८८० च्या गॅझेटियरमधली सोळा नावे प्रमाण धरली: धुळे, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, चोपडा, एरंडोल, जामनेर, नंदुरबार, नशिराबाद, पाचोरा, पिंपळनेर, सावदा, शहादा, शिरपूर, तळोदा, विरदेल. यातली चार आज तालुका म्हणून सापडत नाहीत. नशिराबाद म्हणजे ढोबळमानाने आजचा जळगाव, पिंपळनेर म्हणजे साक्री, विरदेल म्हणजे शिंदखेडा, सावदा म्हणजे रावेर-यावल. एका रकान्यात जुने नाव, शेजारच्या रकान्यात आजचे. जुन्या नावावर नवे नाव चढवायचे नाही. गाव कोणत्या तालुक्यात होते हे वर्षावर अवलंबून असते आणि एकदा पुसले की परत काढता येत नाही.

२१ जून
कायद्याचे वाचन. १८५८ मध्ये तीन कायदे एकापाठोपाठ झाले. ३४ वा सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठी, ३५ वा जिल्ह्यातल्या दिवाणी कोर्टांसाठी (मालमत्ता आणि पालक), ३६ वा इस्पितळांसाठी. खान्देशासाठी ३५ आणि ३६ कामाचे. दोन्हींच्या फायली वेगवेगळ्या कचेरीत जातात, म्हणून सुरुवातीपासून दोन वह्या.

३६ व्या कायद्याप्रमाणे भरतीच्या वाटा दोन. एक पोलिसांची: वेड्यासारखा भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा. मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने त्याला तपासायचे, अधिकाऱ्याने दाखला द्यायचा, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा. दुसरी वाट नातेवाइकांच्या अर्जाची. अर्जासोबत माहितीपत्रक: वय, लग्न, धंदा, धर्म, पूर्वीचा पत्ता, पहिला झटका कोणत्या वयात, किती दिवसांपासून, फेफरे आहे का, जीव द्यायला धावतो का, दुसऱ्याला धोका आहे का, आणि संभाव्य कारण.

दाखल्याचा नमुना नीट पाहण्यासारखा आहे. त्यात कारणांचे दोन भाग वेगळे आहेत. पहिला, वेडाची जी लक्षणे मी स्वतः पाहिली ती. दुसरा, जी मला इतरांनी सांगितली ती, आणि कोणी सांगितली. नोंदणीत हे दोन भाग दोन रकान्यांतच ठेवायचे. पहिला भाग दोन शब्दांचा आणि दुसरा अर्धे पान असेल, तर तो दाखला डॉक्टरने दिलेला असला तरी बोलतो आहे पोलीस पाटील किंवा भाऊबंद. उलटही असते. एकाच रकान्यात दोन्ही ओतले की हा फरक कायमचा गेला.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. नातेवाइकाने नीट सांभाळण्याचे लेखी दिले, तर मॅजिस्ट्रेट माणूस त्याच्या ताब्यात देऊ शकत होता. म्हणजे प्रकरण धुळ्यातच मिटायचे आणि पुण्या-मुंबईच्या तक्त्यात त्याची खूणही नसायची. इस्पितळातल्या भरतीवरून ‘खान्देशात वेडाचे प्रमाण कमी’ असे कोणी लिहिले, तर ते वाक्य तिथल्या तिथे कापावे.

सुटका कोणी करायची हेही कायद्यात आहे. पाहणीसाठी किमान तीन अभ्यागत, त्यातला एक वैद्यकीय अधिकारी, तुरुंगांचा इन्स्पेक्टर पदसिद्ध. महिन्यातून निदान एकदा पाहणी. अहवालात ‘अभ्यागतांनी सोडले’ अशी नोंद आली तर तिचा अर्थ ‘बरा झाला’ असा लावायचा नाही.

२४ जून
रेकॉर्ड रूमचे वर्ग: अ कायम, ब तीस वर्षे, क दहा, ड एक. जमिनीचा कागद अ मध्ये बसतो, भटक्या माणसाला पुढे पाठवल्याचा कागद बहुधा नाही. त्यामुळे रिकाम्या हाती यायचे नसेल तर फौजदारी बस्त्यांच्या (कागदांच्या गठ्ठ्यांच्या) आधी आवक-जावक वह्या मागाव्यात. मूळ कागद नष्ट झाला असला तरी वहीतली एक ओळ तारीख, गाव आणि कोणत्या साहेबाकडे गेला एवढे देते.

शोधताना एकच शब्द पुरत नाही. वेडा, वेडसर, भ्रमिष्ट, खुळा, दिवाणा, पागल, ‘ठिकाणावर नाही’ हे सगळे पाहायचे.

२ जुलै
छापील अहवाल. मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या ‘मेडिकल हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, रत्नागिरी आणि सिंधमधले हैदराबाद अशी सहा इस्पितळे होती. कुलाब्याचे १८२६ पासूनचे, रत्नागिरीचे १८८६ चे. ठाण्याचे नौपाड्यातले इस्पितळ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने १९०१ साली उभे राहिले आणि कुलाब्याचे रुग्ण तिकडे गेले. नागपूर (१८६४) मध्य प्रांतात. ते आपल्या तक्त्यात नाही, पण बऱ्हाणपूरच्या बाजूच्या प्रकरणांसाठी नजरेआड करू नये.

मशीनने वाचलेला मजकूर शोधायला बरा, मोजायला अजिबात नाही. ठरावीक घोळ असे:

गॅझेटियरच्या पद्धतीप्रमाणे रोमन अक्षरांतला ‘आ’ हा ‘ए’ वर तिरपी रेघ देऊन छापलेला असतो. मशीन त्याचा ‘आय’ किंवा ‘डी’ करते. खान्देशचा खिन्देश होतो, सावद्याचे काय होईल सांगता येत नाही. म्हणून नाव टाकून शोधताना त्या अक्षराच्या जागी ‘काहीही’ची खूण टाकायची.

‘वरीलप्रमाणे’च्या खुणा मशीन गाळते. त्या गळल्या की खालची ओळ रिकामी दिसते आणि भरणारा तिथे शून्य टाकतो. रिकामे, शून्य आणि ‘वरीलप्रमाणे’ या तिन्हींसाठी तीन वेगळी चिन्हे.

तक्ता दोन पानांवर पसरलेला असला की डावे पान एका फाइलमध्ये आणि उजवे दुसऱ्यात जाते, एखादी ओळ वरखाली होते. उपाय एकच. प्रत्येक रकान्याची बेरीज स्वतः करून छापील बेरजेशी ताडायची. जुळली नाही तर आधी आपला ३ आणि ८, १ आणि ७ तपासायचा. तरीही जुळली नाही तर छापणाऱ्याची चूक म्हणून शेरा लिहायचा, आकडा ‘सुधारायचा’ नाही.

हस्तलिखितांसाठी ४०० डीपीआय, छापील पानांसाठी ३०० पुरे. फ्लॅश नाही. मूळ प्रत टिफ, कामाची प्रत जेपीजी. फाइलच्या नावात कचेरी, वर्ष, बस्ता, पान या क्रमाने.

९ जुलै
वर्षांचा गुंता. सुरुवातीचे अहवाल १८७३-७४ असे सरकारी वर्षाचे, पुढचे जानेवारी ते डिसेंबर, विसाव्या शतकात त्रैवार्षिक. एका पद्धतीतून दुसरीत जाताना काही महिने दोनदा मोजले जातात किंवा वगळले जातात. आलेख काढताना ती जागा तुटक रेघेने दाखवायची.

मोडी कागदांत आणखी तीन सन भेटतात. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीनंतरची तिथी असेल तर ७९. दख्खनी फसलीत (महसुली सन) ५९०, पुढच्या जानेवारीपासून ५९१. म्हणजे फसली १२८७ हे जून १८७७ ला सुरू होते. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. उत्तरेकडची फसली दोन वर्षांनी वेगळी पडते. इंटरनेटवरची तयार कोष्टके बहुधा तीच देतात, ती इथे चालत नाहीत.

१६ जुलै
‘कारण’ हा रकाना. सगळ्या कामातला सर्वांत घसरडा भाग, म्हणून नोंद लांब आहे.

अहवालांत वेडाची कारणे शारीरिक आणि मानसिक अशी विभागलेली दिसतात. शारीरिकमध्ये गांजा, दारू, अफू, ताप, फेफरे, बाळंतपण. मानसिकमध्ये दुःख, धास्ती, नुकसान. आणि सगळ्यांत मोठी ओळ बहुधा ‘अज्ञात’. गांज्याची ओळ ठसठशीत दिसते आणि ‘एकोणिसाव्या शतकात गांज्याने इतके वेडे झाले’ असे लिहायचा मोह होतो.

तो मोह मोडायला त्याच काळातली एक सरकारी चौकशी पुरेशी आहे. १८९३-९४ चा इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन, अध्यक्ष मॅकवर्थ यंग. या कमिशनने १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या २४ इस्पितळांत झालेल्या भरतीची छाननी केली. एकूण भरती १,३४४. त्यातली २२२ प्रकरणे इस्पितळांनी गांजा-भांग-चरसाच्या खात्यावर टाकली होती. कमिशनने एकेका प्रकरणाची मूळ गावी चौकशी करवली. शेवटी फक्त ९८ टिकली, आणि त्यातल्याही ६१ मध्येच फक्त या पदार्थांवर बोट ठेवता आले. उरलेल्यांत दुसरेही कारण जोडीला होते. म्हणजे साडेसोळा टक्क्यांचे सव्वासात झाले, आणि नुसत्या गांज्याचे साडेचार.

हे असे का झाले, तेही कमिशनने शोधले. माणूस पकडला की पोलिसाला वर्णनपत्रक भरावे लागे आणि त्यात ‘कारण’ रिकामे ठेवलेले वरच्याला चालत नसे. भटक्या माणसाचे नातेवाईक हजर नसत. बैरागी, फकीर, गोसावी दिसला की गांजा लिहिणे सोपे. ते पत्रक मॅजिस्ट्रेटकडे, तिथून इस्पितळाच्या रजिस्टरात आणि रजिस्टरातून वार्षिक तक्त्यात. छापील तक्त्यात पोचेपर्यंत फौजदाराच्या अंदाजाला वैद्यकीय निदानाचे वजन आलेले असे. पुढे त्याच तक्त्याचा दाखला देऊन गांजाबंदीची मागणी होई. वर्तुळ पुरे.

आपल्यासाठी अर्थ असा. ‘कारण’ या एका रकान्याचे चार करायचे: कारण काय लिहिले, कोणी लिहिले, कोणत्या टप्प्यावरच्या कागदात, नंतर बदलले का. कमिशनच्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात इस्पितळवार प्रकरणे दिली आहेत. मुंबई इलाख्यातली प्रकरणे त्यातून उतरवून १८९२ च्या वार्षिक अहवालाशी ताडता येतात. निदान त्या एका वर्षापुरता रजिस्टर आणि वस्तुस्थिती यांतला फरक मोजता येतो. दुसऱ्या कोणत्याही वर्षाला ही सोय नाही, म्हणून १८९२ आधी पुरे करायचे.

खान्देशापुरती एक तळटीप. गांजाच्या लागवडीचा खंडवा (निमाड) भाग सरहद्दीला लागून आणि रेल्वे भुसावळवरून. गांजा मिळत होता हे खरेच. पण मिळत होता म्हणून कारण तोच, ही उडी फौजदाराने मारली होती, आपण मारायची नाही.

१९ जुलै
छोटी, पण हमखास उपयोगी तपासणी. औषधाच्या नावावरून सन ताडता येतो. क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आले १८६९ मध्ये, पॅराल्डिहाइड १८८२ मध्ये. १८६२ च्या म्हणून लावलेल्या पानात क्लोरल दिसले तर सन वाचण्यात किंवा पान लावण्यात गफलत आहे.

जुन्या निदानांना आजची नावे द्यायची नाहीत. ‘मॅनिया’ म्हणून नोंदलेल्यात ताप चढून बरळणाराही असू शकतो, फेफऱ्यानंतर भांबावलेलाही.

२७ जुलै
टक्केवारी. दोन अहवालांतला मृत्युदर शेजारी ठेवण्याआधी छेद पाहायचा. समजा, वर्षारंभी १०० रुग्ण, वर्षात भरती ४०, मृत्यू १२, रोजची सरासरी ११०. एकूण उपचार घेतलेल्यांवर (१४०) दर येतो ८.६ टक्के, रोजच्या सरासरीवर १०.९. माणसे तीच, मेलेले तितकेच. ‘बरे झालेले’ मोजताना छेद बहुधा वर्षातल्या भरतीचा, आणि तिथे दर फुगतो, कारण बरा झालेला माणूस मागच्या वर्षी आलेला असू शकतो. म्हणून आपल्या तक्त्यात टक्केवारी उतरवायचीच नाही. मूळ आकडे उतरवून दोन्ही दर आपण काढायचे.

‘मित्रांच्या स्वाधीन’ हा रकाना ‘बरे’मध्ये मिसळू नये. तिथे मित्र म्हणजे नातेवाईक.

आहाराच्या तक्त्यात शेर आला की थांबायचे. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम, मुंबईचा २८ तोळ्यांचा शेर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. कोणता शेर ते ठरत नसेल तर ग्रॅमचा रकाना मोकळा.

५ ऑगस्ट
वाट. नकाशासाठी तीन टप्पे. रेल्वेपूर्वी धुळ्याहून आग्रा रस्त्याने मालेगाव, नाशिक, कसारा. थळ (कसारा) घाट १८६५ ला खुला झाल्यावर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ थेट मुंबईला जोडले गेले, पण धुळे जोडले गेले नाही. धुळे ते चाळीसगाव सुमारे ५६ किलोमीटर बैलगाडीने, मग रेल्वे. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा झाला आणि त्याच वर्षी ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरतेकडून अमळनेरपर्यंत आली. कल्याणला लाइन फुटते, एक मुंबईला, एक पुण्याला. त्यामुळे कुलाबा आणि पुणे या दोन्ही इस्पितळांचे जिल्हावार तक्ते एकत्र उघडे ठेवून काम करावे. एकाच ठिकाणचा आकडा खान्देशाचा म्हणून घेतला तर अर्धेच हाती लागते.

नकाशात अंतर मैलांत नको, प्रवासाच्या टप्प्यांत दाखवावे. तळोद्याहून निघालेल्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्यापासून धुळ्याच्या मॅजिस्ट्रेटपर्यंतच केवढी वाट होती ते मैलांवरून कळत नाही. पावसाळ्यात तापी मध्ये आडवी.

छप्पनच्या दुष्काळाची (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) वर्षे वेगळ्या रंगात. खान्देशाला हा दुष्काळ जबर बसला. उपाशी, भ्रमलेला, घर सोडून भटकणारा माणूस आणि कायद्यातला ‘भटकणारा वेडा’ यांच्यात शिपायाने कुठे रेघ मारली असेल, ते आकड्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून या दोन वर्षांवर शेरा असल्याशिवाय आकडा बाहेर द्यायचा नाही.

१३ ऑगस्ट
दुसरी वही, १८५८ चा ३५ वा कायदा. इथे पोलीस नाही, नातेवाइकाचा अर्ज जिल्हा कोर्टात. कोर्ट चौकशी करून माणूस व्यवहार करण्याजोगा आहे की नाही ठरवते, मालमत्तेला व्यवस्थापक आणि माणसाला पालक नेमते. हे दोघे वेगळे असू शकतात, आणि का वेगळे ठेवले याचे उत्तर वारसाच्या रांगेत असते. जमीन, वतन, वाडा असलेल्या घरातला रुग्ण असा सापडतो. इस्पितळात तो बहुधा जातच नाही. साक्षी लांबलचक असतात, शेजारी-भाऊबंद काय काय सांगतात ते सगळे उतरते. पोलिसी पत्रकाच्या चार ओळींपेक्षा आजारी माणसाचे रोजचे जगणे इथे जास्त दिसते. पण प्रत्येक साक्षीदाराचा जमिनीत कुठे ना कुठे पाय असतो, हे मनात ठेवून वाचावे. कोर्टाच्या फायलीत शेवटचा हुकूम आधी वाचायचा, मग साक्षी.

२० ऑगस्ट
जनगणना. १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१ आणि १ मार्च १९०१ या तिन्ही गणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी (कुष्ठरोगी) यांची मोजणी आहे. १९०१ ला खान्देशाची लोकसंख्या १४ लाखांच्या वर. इस्पितळातली भरती आणि जनगणनेतले वेडे हे दोन आकडे एकमेकांना ‘तपासण्यासाठी’ वापरायचे नाहीत, दोघांची व्याख्या वेगळी. बायकांचा आकडा कमी दिसेल. घरातली मुलगी ठिकाणावर नाही, हे मोजणीदाराला कोण सांगणार? इस्पितळातही बायका कमीच, पण त्याचे कारण निराळे. तिथे बहुतेक माणसे रस्त्यावरून उचललेली.

२९ ऑगस्ट
नावे. शंभर वर्षे उलटली तरी गाव आणि आडनाव जोडून दिले की खान्देशात घर ओळखू येते. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रतीत नाव नाही, गाव नाही. तालुका, दशक, स्त्री/पुरुष, वय पाचाच्या गटात आणि सांकेतिक क्रमांक. जातीचा रकाना मूळ प्रतीत उतरवायचा, जाहीर प्रतीत नाही. अधिकाऱ्यांची नावे मात्र ठेवायची, ती सार्वजनिक कामाची आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या माहितीची गुप्तता आहे. जुन्या कागदांना तो लागू होतो का हा वाद वकिलांचा, आपला नियम त्याहून कडकच बरा.

क्रमांक आणि नाव यांची जोडयादी कागदावर, एकच प्रत, कुलपात. क्लाउडवर नाही.

६ सप्टेंबर
मोडी खर्चाच्या यादीवर काम सुरू. पहिल्या टंकलेखनात आकडे दहापट-शंभरपट येतात, त्याचे कारण एकच: ५॥ म्हणजे साडेपाच रुपये, टंकणारा ते ५११ वाचतो. एक उभी रेघ चार आणे, दोन रेघा आठ, तीन बारा. पुढची आडवी रेघ एक आणा, दोन आडव्या दोन आणे. ५॥= म्हणजे ५ रुपये १० आणे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच, त्यामुळे आकडा कुठे संपला आणि शब्द कुठे सुरू झाला हे आधी पेन्सिलीने (झेरॉक्सवर, मूळ कागदावर नव्हे) खुणावून घ्यायचे. रक्कम टंकताना रुपये, आणे, पै असे तीन रकाने. दशांशात बदल शेवटी, सूत्राने. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै.

शिल्लक: १८९२ ची पुणे-कुलाबा जुळणी, चाळीसगाव आणि सावद्याच्या आवक-जावक वह्या, मुंबई पुरालेखागारात जनरल खात्याची बाडे, आणि गुन्ह्यात धरून इस्पितळात पाठवलेल्या रुग्णांसाठी न्याय खात्याची. मागणीपत्रात खाते, वर्ष, व्हॉल्यूम आणि कॉम्पिलेशन क्रमांक चारही लिहावेत. एक जरी राहिला तरी बाड त्या दिवशी हाती येत नाही.